उलट उत्तर

"मला उलट उत्तर दे," आमचे हे पोरीला म्हणाले.

शनिवार होता. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवणारी माणसं, आणि जर्मनीतला हिवाळा म्हणजे दुपारचं पचतंय न पचतंय तोवर संध्याकाळचं ताट. बाहेर कुंपणावर बर्फ साचला होता. टेबलावर कोबीची भाजी, आमटी आणि गरम चपात्या होत्या. पद्मजा, आमची दहा वर्षांची एकुलती एक पोर, यांच्या समोर मान खाली घालून बसली होती.

"मी म्हणतो, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो," हे म्हणाले. "आता तू बोट वर कर आणि सांग, पप्पा, तुमचं चुकतंय."

तिनं यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. उत्तर तिला येत होतं. सूर्याचं, चंद्राचं, ग्रहणाचं, सगळं तिनं मला स्वयंपाकघरात लिंबू आणि वाटी घेऊन समजावलेलं होतं.

"हो पप्पा," ती म्हणाली.

"हो काय, हो? अगं, मी खोटं सांगतोय. मला खोटं पाड."

"हो पप्पा."

यांनी पेला टेबलावर आपटला. पाणी तिच्या आमटीत सांडलं. पोरगी हलली नाही, फक्त तिचे खांदे कानापर्यंत वर आले. ज्या घरात मोठ्यांपुढं ब्र काढला की "उलट बोलतेस?" म्हणून डोळे वटारले जायचे, त्याच घरात बाप पोरीपुढं उलट उत्तराची भीक मागत होता, आणि ती काही केल्या मिळत नव्हती. हसावं की रडावं, मला कळेना. मी सांडलेलं पुसलं आणि दुसरी वाटी भरून ठेवली.

आता हे काय खूळ, असं तुम्ही म्हणाल. तर सुरुवातीपासून सांगते.

आम्ही मूळचे जयसिंगपूरचे मगदूम. यांचं नाव जिनेंद्र, माझं सुलक्षणा. हे यंत्रांच्या कारखान्यात इंजिनियर. कंपनीनं स्टुटगार्टजवळच्या एका लहान गावात बोलावून घेतलं, तेव्हा पद्मजा चार वर्षांची होती. ती आता तिशीकडं झुकलीय. आज ती काय करते, ते मात्र मला विचारू नका. सांगितलं की लोक लगेच निकाल देऊन मोकळे होतात, बाप बरोबर होता की आई. तो निकाल मला कुणाकडून नकोय.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी तिला तेच सांगितलं जे माझ्या आईनं मला सांगितलं होतं आणि तिला तिच्या आईनं. हाताची घडी, तोंडावर बोट. बाई सांगतील ते ऐकायचं, विचारलं तरच बोलायचं, मध्ये मध्ये करायचं नाही. पोरगी गुणाची. एकदा सांगितलेलं तिनं पुन्हा सांगायला लावलं नाही.

पहिलीच्या पालकसभेत तिच्या हेल्मिशबाई म्हणाल्या, पद्मजा फार शांत आहे. आमची छाती फुगली. यांनी घरी आल्या आल्या जयसिंगपूरला थोरल्या भावाला फोन लावून ते कळवलं. दुसरीत बाई म्हणाल्या, खूपच शांत आहे. आम्ही म्हटलं, वा, प्रगती आहे. तिसरीत तेच सांगताना त्यांच्या कपाळाला आठी होती. मला वाटलं, बाईंचं डोकं दुखत असेल, दिवसभर बाकीच्या पोरांचा कलकलाट ऐकून. मी त्यांचा हात हातात घेऊन मनापासून आभार मानले.

चौथीत कळलं.

तिथं चौथीनंतर मुलांची वाटणी होते. ज्यांना पुढं विद्यापीठात जायचं त्यांची एक शाळा, तिला गिम्नाझियम म्हणतात. बाकीच्यांसाठी मधली शाळा, आणि तिच्याखाली आणखी एक. कुठल्या मुलानं कुठं जायचं ते त्या वेळी वर्गाच्या बाई सुचवायच्या, आणि त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. फेब्रुवारीत हेल्मिशबाईंनी आम्हाला बोलावलं आणि सावकाश, आम्हाला कळेल अशा बेतानं सांगितलं की पद्मजाचं लिहिलेलं सगळं बिनचूक असतं, पण वर्गात ती कधीच बोट वर करत नाही. तिथं बोट वर केल्याशिवाय बोलता येत नाही आणि बोलल्याशिवाय गुण मिळत नाहीत. लिहिण्याला जेवढे, जवळजवळ तेवढेच बोलण्याला. मत मांडायचं, शंका काढायची, बाईंचं चुकलं तर तसं सांगायचं. गिम्नाझियममध्ये अशी मुलगी बुजून जाईल. म्हणून मधली शाळा.

हे एकदम पांढरे पडले. "पण तुम्ही तर सांगितलं होतं, ती शांत आहे," हे म्हणाले.

"हो," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं मी तेच सांगत होते."

परत येताना यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. लग्नाला बारा वर्षं झाली होती, यांना मी रडताना पाहिलं नव्हतं. सासरे दुसऱ्याच्या धान्याच्या दुकानात माप धरायचे. मालकाचा नातू त्यांना अरे-तुरे करायचा, आणि ते हसून घ्यायचे. त्या घरातून हे आणि थोरले भाऊ पुस्तकाच्या बळावर वर आले होते. मधली शाळा म्हणजे यांच्या लेखी पोरगी परत त्या तागडीपाशी जाऊन बसली. आमच्याकडं म्हणतात, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. ही म्हण आम्ही बाजारापुरती ठेवली होती. शाळेलाही ती लागू असेल, हे कुणाच्या बापाला ठाऊक?

त्याच संध्याकाळी जयसिंगपूरला फोन झाला. थोरले, म्हणजे माझे शांतिनाथ भावजी, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी एका दमात निकाल लावला. पोरीला इकडं पाठव. वसतिगृहाची शाळा ओळखीची आहे, जूनला पाचवीत बसवतो, आणि चार वर्षांत कशी सरळ होते बघ. त्या परक्या लोकांना शिक्षणातलं काय कळतंय.

फोन ठेवून हे टेबलाशी आले आणि आम्हाला सांगितलं. सुचवलं नाही, विचारलं नाही, सांगितलं. गिम्नाझियम मिळालं तर ठीक. नाहीतर पद्मजा जूनला जयसिंगपूरला जाईल.

मी म्हटलं, मग मी पण जाते तिच्याबरोबर. हे म्हणाले, तू जाऊन काय करणार, ती वसतिगृहात राहणार. आई जवळ असली की पोर सैल पडते.

पद्मजा समोरच बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. तिनं चपातीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला, तो मऊ होऊन वाटीत पडेपर्यंत.

परक्या देशात माझं होतं कोण? यांना कारखाना होता. मला ती पोर होती. तिथली भाषा मी तिच्याकडूनच शिकले, दुकानात काय म्हणायचं, डॉक्टरला काय सांगायचं, सगळं. ती शाळेतून यायच्या वेळेला मी खिडकीत उभी राहायची. आता रोज खिडकीत उभी राहिले की मनात यायचं, जूननंतर इथं उभं राहून काय बघायचं?

म्हणून मीही यांच्या त्या खुळात सामील झाले. बुडत्याला काडीचा आधार. संध्याकाळी हे तिला उलट बोलायला शिकवायचे आणि दुपारी मी. मी भाजीवाली व्हायची आणि तिला म्हणायची, घासाघीस कर. ती मी सांगेन त्या भावाला भाजी घ्यायची. मी हेल्मिशबाई व्हायची आणि चुकीचा पाढा म्हणायची. ती खाली बघून मूग गिळून बसायची. जेवण तुटलं. शाळेत निघताना तिला उलटी व्हायला लागली. मी तोंड पुसायची, टोपी घालायची आणि म्हणायची, आज बोट वर कर हं राणी, फक्त एकदा. ती मान हलवायची.

आणि मग एक दिवस मी काय बघते! कचरा टाकायला खाली उतरले, तर मागच्या अंगणात पद्मजा आणि शेजारची मारलेन लाकडी खोक्यांचं सशाचं घर बांधत होत्या, आणि बोलत होती कोण, तर आमची मुकी पोर. अखंड. हे इथं नको, तिथं ठोक, वारा या बाजूनं येतो, दार तिकडं कर, तुझं चुकतंय मारलेन, ससा असा वळूच शकणार नाही. मारलेनही भांडत होती आणि ही तिला हार जात नव्हती. मी कचऱ्याची पिशवी हातात धरून तिथंच उभी राहिले.

वर आल्यावर मी विचारलं, मारलेनशी एवढं बोलतेस, मग वर्गात तुझ्या तोंडाला कुलूप का लागतं?

"तिथं कुणालाच आधी माहीत नसतं," ती म्हणाली.

काय माहीत नसतं, असं मी विचारलं, तर खांदे वर करून हात धुवायला गेली. मला त्यातलं काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी यांना न सांगता हेल्मिशबाईंना गाठलं. वर्ग रिकामा होता, बाई फळा पुसत होत्या. माझं जर्मन म्हणजे मोडकं तोडकं, आणि रडू यायला लागलं की तेवढंही पळून जायचं. मी म्हटलं, बाई, तिला मोठ्या शाळेत घाला. बाईंनी मला बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं. मधली शाळा ही शिक्षा नाही, तिथूनही पुढं वाटा आहेत. मुलं दहा वर्षांची आहेत, त्यांना खेळू द्या. त्यांचा स्वतःचा भाऊ घरांवर कौलं घालायचं काम करतो, आणि त्याबद्दल त्यांच्या आईला कधी कुणासमोर मान खाली घालावी लागली नाही. बाई मनापासून बोलत होत्या, मला दिसत होतं. पण त्यांना कसं सांगू, की मला वाट नकोय, मला माझी पोर हवीय? "मूल जाईल. दूर," एवढंच मला जुळवता आलं. त्यांना वाटलं, मधली शाळा लांब आहे म्हणतेय. बस जाते, त्या म्हणाल्या.

मग मला दुसरं काही सुचलं नाही. मी उठले आणि वाकून त्यांचे पाय धरले. आमच्याकडं गुरूच्या पायाशी गेलं की गुरू उठवतो, डोक्यावर हात ठेवतो. बाई किंचाळल्या नाहीत एवढंच. दोन पावलं मागं सरकल्या, फळ्याला टेकल्या, त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्या घाबरल्या होत्या. मला अशी लाज वाटली म्हणून सांगू, धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं. मी पदर सावरत उठले.

बाईंनी फडकं उचलून टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या की एक मार्ग आहे. पालकांना पटत नसेल तर बाहेरच्या शाळेतले एक सर येऊन मुलीशी बोलतात. त्यांना ती योग्य वाटली तर दार उघडेल. आईवडिलांना बसता येईल, पण एक अट आहे. त्यांनी तोंड उघडायचं नाही.

तो दिवस मार्चमधला. यांनी रजा काढली, टाय बांधला. पद्मजाची मी घट्ट वेणी घातली. तिच्या ओठांना रंग नव्हता. निघताना यांनी तिला दारात उभं करून शेवटचं बजावलं, की आज नाही बोललीस तर पुढचं तुला माहीत आहे. "हो पप्पा," ती म्हणाली.

वर्गात आम्हाला मागच्या बाजूला मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसवलं. गुडघे छातीला लागत होते. पुढं पद्मजा, तिच्यासमोर एक पांढऱ्या मिशांचे फोग्टसर आणि बाजूला हेल्मिशबाई. सरांनी तिला एक कोडं दिलं. तिनं कागदावर झटक्यात सोडवलं. सर म्हणाले, छान, हे कसं केलंस ते सांग. ती गप्प. सरांनी चित्र दाखवलं, या माणसाचं काय चुकलंय असं तुला वाटतं, असं विचारलं. ती गप्प. आवडतं पुस्तक, आवडता प्राणी, एकेका शब्दाची उत्तरं. मी मनात नवकार मंत्र म्हणायला लागले. हे गुडघ्यावरून आपलं बोट हळूच वर करत होते, खाली घेत होते, पुन्हा वर करत होते. तिच्या पाठीला ते कुठून दिसणार?

सरांनी कागद बाजूला सारले. "मला एक सांग," ते म्हणाले. "तू वर्गात बोट का वर करत नाहीस?"

ती बोलेना. सरही बोलेनात. ती माणसं वाट बघू शकतात, एवढं मात्र खरं. आमच्याकडं एव्हाना कुणीतरी तिच्या वतीनं उत्तर देऊन टाकलं असतं.

आणि मग पद्मजानं बोट वर केलं.

"बोल," सर म्हणाले.

"बाईंना उत्तर माहीत असतं," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द न शब्द माझ्यापर्यंत येत होता. "मग मी कशाला सांगायचं? घरी पप्पांनाही माहीत असतं. ते विचारतात, पण ते आधीच ठरलेलं असतं. मी फक्त ओळखायचं. ओळखलं नाही तर आई रडते."

"आणि मी आत्ता विचारलं त्याचं उत्तर मला माहीत होतं, असं तुला वाटतं?"

तिनं खरोखर विचार केला. सरांच्या तोंडाकडं नीट बघितलं. "नाही," ती म्हणाली. "तुम्हाला खरंच माहीत नाही."

"मग मला आणखी सांग. तुला कुठं जायचंय?"

"मला मारलेनबरोबर मधल्या शाळेत जायचंय. तिथं सुतारकामाची खोली आहे. पण तिथं गेले तर मला इंडियात काकांकडं पाठवतील, आणि आई इथंच राहील. मोठ्या शाळेत गेले तर पाठवणार नाहीत, पण मग पप्पा रोज जेवताना विचारणार आणि मला पोटात दुखणार. मी दोन्हीचा खूप विचार केला. दोन्ही उत्तरं चूक आहेत. म्हणून मी बोलत नाही."

हे उठायला लागले. सरांनी नुसता तळहात दाखवला. हे परत त्या बुटक्या खुर्चीत बसले. हेल्मिशबाई माझ्याकडं बघत होत्या. दूर म्हणजे किती दूर, ते त्यांना त्या क्षणी कळलं. आणि "तिथं कुणालाच आधी माहीत नसतं" म्हणजे काय, ते मला. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही मी हात उचलत नव्हते, न जाणो, पोरीला वाटायचं की हेही उत्तर चुकलं.

सर आणि बाई बाहेर जाऊन बोलून आले. सर म्हणाले, जिला स्वतःची अडचण इतकी नीट मांडता येते, तिला गिम्नाझियम जड जाणार नाही, तेव्हा ते दार तिला उघडं आहे. मग चष्मा काढून यांच्याकडं बघत म्हणाले, पण तिनं काय मागितलं तेही तुम्ही ऐकलंत. शुक्रवारपर्यंत ठरवा. तिला विचारून ठरवा.

यांनी पहिलं वाक्य ऐकलं. दुसरं ऐकलंच नाही. गाडीत बसेपर्यंत यांचे पाय जमिनीला लागत नव्हते. मला म्हणाले, शिरा कर, काजू घालून. घरी पोचताच बूट न काढता जयसिंगपूरला फोन. झालं दादा, पोरीनं मैदान मारलं, नुसतं बोलून मारलं! भावजींनी पलीकडून विचारलं असावं, की काय बोलली? हे थोडे अडखळले. "ते आपलं शाळेतलंच," म्हणाले आणि तिकडच्या उन्हाळ्याची चौकशी करायला लागले.

म्हणजे यांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. ते मला तेव्हा कळलं, आणि काळजात काहीतरी खटकन तुटलं.

मी रवा भाजला. हात आपोआप चालले होते. माझी पोर मला मिळाली होती, जयसिंगपूर टळलं होतं, ज्यासाठी मी परक्या बाईच्या पायावर डोकं ठेवलं ते सगळं पदरात पडलं होतं. मग आनंद का होईना? शिऱ्यात साखर घातली की नाही तेही आठवेना, म्हणून चाखून बघितला. घातली होती.

उन्हं अजून भिंतीवर होती तोवर ताटं वाढली. यांनी पद्मजाच्या ताटात आपल्या हातानं शिरा वाढला, त्यावर तूप सोडलं. मग तिच्या पाठीवर थाप मारून हसत म्हणाले, "सरांनी सांगितलंय, तुला विचारून ठरवा. तेव्हा विचारतो बाई. बोल, कुठल्या शाळेत जायचं?"

मी पद्मजाकडं बघितलं. तिनं यांच्या तोंडाकडं बघितलं, सरांच्या तोंडाकडं बघितलं होतं तसंच, नीट, तपासून. मग तिची मान हळूहळू खाली गेली.

"तुम्ही म्हणाल तिथं, पप्पा."

"शाब्बास," हे म्हणाले.

शिऱ्यावरचं तूप गोठायला लागलं होतं. ती चमच्यानं ते बाजूला सारत होती, खात नव्हती. सकाळी बाहेर आलेली पोर पुन्हा आत निघून गेली, आणि ती जाताना मला दिसली. मला माझी आई आठवली, तिची आई आठवली, आणि लग्न झाल्यापासून यांच्या प्रत्येक प्रश्नाला मी काय म्हणत आले तेही आठवलं. तुम्ही म्हणाल तसं.

मी ताटातला हात उचलला आणि बोट वर केलं.

यांना आधी ते दिसलंच नाही. मग दिसलं आणि हसू आलं. "आता तुला काय झालं?"

"मला बोलायचंय," मी म्हटलं. "तुमचं चुकतंय. तिनं काय मागितलं ते तुम्ही ऐकलंत, मी ऐकलंय. पद्मजा मारलेनबरोबर मधल्या शाळेत जाणार. आणि जयसिंगपूरला जाणार नाही. शुक्रवारी तुम्हाला यायचं नसेल तर मी एकटी जाऊन सांगून येईन. मला तेवढं जर्मन येतं."

"उलट बोलतेस?" हे म्हणाले.

"हो. तुम्ही महिनाभर शिकवत होतात ना या टेबलाशी? तिला नाही जमलं. मला जमलं."

हे माझ्याकडं बघत राहिले. आमच्या घरात ताटात कण टाकत नाहीत, ताट धुऊन ते पाणीही पितात. त्या दिवशी यांनी पहिल्यांदा ताट तसंच सोडलं, उठले, आणि खिडकीशी जाऊन माझ्या जागेवर पाठमोरे उभे राहिले. खूप वेळ. आता काय होणार, हे घर राहणार की मोडणार, मला काही माहीत नव्हतं. कुणालाच आधी माहीत नव्हतं.

समोर चमचा वाजला. पद्मजानं शिऱ्याचा मोठा घास घेतला, मग दुसरा. तोंड भरलेलं असतानाच तिनं यांच्या पाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि ताट पुढं केलं.

"आई," ती म्हणाली, "यात साखर कमी आहे."